काश्मीरच्या उंच तलावावर मासेमारीला निघताय? तब्येतीचे नियोजन आधी करा

जून-जुलै आला की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, ऑगस्टअखेर काश्मीरला जातोय. सोनमर्गच्या बाजूला डोंगरात तलाव आहेत, तिथे गळ टाकायचा आहे. बीपीची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरवर आहे. जाऊ ना?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. नाथसागरच्या काठी गळ टाकून तासन् तास बसायची सवय असते. नोकरीतून आठ-दहा दिवसांची रजा मिळालेली असते आणि तिकिटे आधीच काढलेली असतात.

उत्तर बहुतेकांसाठी "जा" असेच असते. पण तिकिटे काढण्याआधी विचारले असते तर एक-दोन दिवस वाढवायला सांगता आले असते, आणि या सहलीत तेच दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात. उंचावरच्या तलावाकाठी दवाखाना नसतो, मेडिकल नसते, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नसते. त्यामुळे तब्येतीबाबतचे महत्त्वाचे निर्णय घरी बसून, शांत डोक्याने घ्यावे लागतात. ते कोणते, हे या लेखात पाहू.

हे तलाव कुठे आहेत आणि केव्हा जातात?

काश्मीरच्या ओढ्यांत आणि तलावांत ट्राउट मासा ब्रिटिश काळात, १९०० च्या सुमारास आणून सोडला गेला. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात तो चांगला वाढला. गांदरबल जिल्ह्यात हरमुख पर्वताच्या पायथ्याशी गंगाबल आणि नुंदकोल, तर सोनमर्गच्या बाजूने विशनसर आणि किशनसर हे तलाव ट्राउटसाठी प्रसिद्ध आहेत. तिथपर्यंत गाडी जात नाही. चालत किंवा घोड्यावरूनच जावे लागते.

बर्फ वितळून वाट मोकळी होते ती जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. मासेमारीचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो आणि त्यासाठी जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. कुठे, किती आणि केवढे मासे पकडायचे याच्या अटी परवान्यावरच असतात. आपल्याकडे श्रावण-भाद्रपद चालू असतो तेव्हा तिकडे उन्हाळा संपत आलेला असतो. दिवसा ऊन चटका देते, तर सप्टेंबरमध्ये रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो.

आधी उंचीचा हिशेब समजून घ्या

- छत्रपती संभाजीनगर: सुमारे ५७० मीटर
- श्रीनगर: सुमारे १,५८५ मीटर
- कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर: १,६४६ मीटर
- सोनमर्ग: सुमारे २,७०० मीटर
- गंगाबल: सुमारे ३,५७० मीटर
- विशनसर: सुमारे ३,७०० मीटर

या यादीतली एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच टोक आणि श्रीनगर शहर जवळपास एकाच उंचीवर आहेत. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे आपण आयुष्यभर सह्याद्री पालथा घातला असला, तरी आपल्या शरीराची खरी उंचीची परीक्षा झालेली नसते. "मी देवगिरी किल्ला न थांबता चढतो" हे चांगलेच आहे, पण त्यातून उंचीवर त्रास होईल की नाही हे कळत नाही.

विरळ हवेत शरीरात काय होते?

हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर हा दाब संभाजीनगरच्या जवळपास ७० टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढ्या प्रमाणात कमी मिळतो.

शरीर यावर उपाय करते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते. पुढच्या काही दिवसांत हळूहळू जुळवून घेतले जाते. या जुळवून घेण्याला वेळ लागतो आणि तो वेळ पैशाने, ताकदीने किंवा इच्छाशक्तीने कमी करता येत नाही. रोज जिमला जाणारा २५ वर्षांचा मुलगा आणि त्याचे ५५ वर्षांचे काका यांच्यात त्रास कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. उलट तरुण मुले भराभर चढतात म्हणून अनेकदा त्यांनाच आधी होतो.

उंचीचे तीन आजार

*१. साधा उंचीचा त्रास.* नव्या उंचीवर पोहोचल्यावर साधारण ६ ते १२ तासांत डोके दुखू लागते. सोबत मळमळ किंवा उलटी, भूक नसणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर, झोप न लागणे यांपैकी काही असते. दारू जास्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी जसे वाटते तसेच. उंचीवर डोकेदुखी सुरू झाली आणि दुसरे स्पष्ट कारण नसेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असे धरून चाला. "ऊन लागले", "पित्त झाले", "प्रवासाचा शीण आहे" अशी समजूत घालून वर चढत राहू नका. त्याच उंचीवर थांबून विश्रांती घेतली तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते.

*२. मेंदूला सूज.* साधा त्रास दुर्लक्षित करून चढत राहिल्यास हे होऊ शकते. माणूस अडखळत चालतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा सुस्त पडून राहतो. एक सोपी चाचणी सगळ्यांनी शिकून घ्यावी: सपाट जागेवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत, सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. तोल जात असेल तर ही इमर्जन्सी आहे.

*३. फुप्फुसात पाणी भरणे.* उंचीच्या आजारांत सर्वाधिक मृत्यू यानेच होतात. बहुधा उंचीवर गेल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि अनेकदा रात्री हा त्रास वाढतो. सुरुवातीची खूण फसवी असते: काल जो माणूस सगळ्यांच्या पुढे चालत होता तो आज मागे पडतो. मग कोरडा खोकला, बसल्या जागीही धाप, आडवे झाल्यावर घुसमट, ओठ-नखे निळसर, आणि शेवटी फेसाळ किंवा गुलाबी कफ. डोके दुखत नसले तरी हा आजार होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आजारावर मुख्य उपचार एकच: लगेच खाली उतरवणे. किमान ३०० मीटर, आणि बरे वाटेपर्यंत शक्य तितके. सकाळची वाट पाहायची नाही. फुप्फुसाचा त्रास असलेल्याला चालवत आणू नका, कारण श्रमाने तो वाढतो. घोड्यावर किंवा उचलून आणा. ऑक्सिजन असेल तर लावा, पण तो लावून तिथेच थांबू नका.

नियोजन दिवसांचे करा, किलोमीटरचे नव्हे

जगभर पाळला जाणारा नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम वाढवावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर हरकत नाही. हिशेब मुक्कामाच्या उंचीचा असतो.

आता गंगाबलचे उदाहरण घ्या. चालण्याची सुरुवात होते ते नारानाग गाव सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे. रजा कमी म्हणून अनेक गट पहिल्या दिवशी श्रीनगर, दुसऱ्या दिवशी नारानाग आणि तिसऱ्या दिवशी थेट गंगाबल असा बेत करतात. म्हणजे एका दिवसात मुक्कामाची उंची तेराशे मीटरहून जास्त वाढते. अंतर १५ किलोमीटरच्या आसपासच असल्याने कागदावर हा बेत सोपा दिसतो. आजारपण बहुधा इथेच सुरू होते.

यापेक्षा सुरक्षित बेत असा असू शकतो:

- दिवस १: श्रीनगर. प्रवासाचा थकवा घालवा, परवान्याचे काम करा.
- दिवस २ आणि ३: सोनमर्गला दोन मुक्काम. दिवसा थोडे वर फिरून या.
- दिवस ४: खाली उतरून नारानाग. सामान, घोडे यांची व्यवस्था.
- दिवस ५: तलावाच्या अलीकडे कुरणात, सव्वातीन हजार मीटरच्या आसपास मुक्काम.
- दिवस ६: गंगाबल. दुपारनंतर विश्रांती, गळ दुसऱ्या दिवशी.
- दिवस ७: तलावाकाठी पूर्ण दिवस.
- दिवस ८: उतरणे.
- दिवस ९: राखीव दिवस.

राखीव दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस नव्हे. एखाद्याला त्रास झाला तर गटाला घाई न करता थांबता यावे म्हणून तो असतो. शिवाय हवामानासाठीही तो लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमला पूर येऊन श्रीनगरचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, हे विसरू नका. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहा आणि वाट खुली आहे का याची स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी ही सूचना आणखी महत्त्वाची आहे. दिल्लीहून विमानाने लेहला उतरलात की दीड तासात थेट ३,५०० मीटरवर असता. तिथे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी. सव्वाचार हजार मीटरवरचे पँगाँग आणि साडेचार हजारांवरचे त्सो मोरिरी त्यानंतरच.

परत फिरण्याचा निर्णय घरीच घेऊन ठेवा

वैद्यकीय ज्ञानापेक्षा इथे माणसाचा स्वभाव जास्त आडवा येतो. समजा, पाच मित्रांचा गट आहे. वर्षभर पैसे साठवून आलेला. तलावाकाठी पहिल्या रात्री एकाचे डोके फुटायला आले आहे, जेवण गेलेले नाही. पण "माझ्यामुळे सगळ्यांची ट्रिप बुडायला नको" म्हणून तो गोळी घेऊन गप्प झोपतो. बाकीचेही "सकाळी बघू" म्हणतात. आपल्याकडे पाहुणचार, मैत्री आणि वडीलधाऱ्यांचा मान यांमुळे असे लपवणे फार होते. वडील किंवा काका सोबत असतील तर मुलेही त्यांना "तुम्ही खाली चला" म्हणायला कचरतात.

म्हणून निघण्यापूर्वीच, सगळ्यांनी एकत्र बसून चार गोष्टी ठरवा:

१. रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाने आपली लक्षणे सांगायची. डोके, भूक, झोप, धाप. लपवायचे नाही.

२. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा थकवा असेल तर त्या दिवशी तो वर जाणार नाही. त्याच्यासोबत एक जण थांबेल. कोण, हे आधीच ठरवा.

३. अडखळत चालणे, गोंधळणे किंवा बसल्या जागी धाप, यांपैकी एकही दिसले तर चर्चा न करता लगेच उतरायचे. आजारी माणसाचे "मी ठीक आहे" हे म्हणणे त्या वेळी ग्राह्य धरायचे नाही, कारण मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असतो.

४. उतरवायला एक घोडा आणि घोडेवाला मुक्कामाला सोबत ठेवायचा. सामान टाकून परत पाठवायचा नाही.

कोणी जाऊ नये, कोणी आधी तपासून घ्यावे?

पुढील व्यक्तींनी अशा ठिकाणी जाणे टाळावे, किंवा तज्ज्ञ डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय जाऊ नये:

- गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झालेले
- चालताना छातीत दुखणारे, हार्ट फेल्युअर असलेले, बीपी आटोक्यात नसलेले
- दम्याचा किंवा सीओपीडीचा त्रास सध्या वाढलेला असलेले
- गर्भवती स्त्रिया
- सिकल सेलचे रुग्ण
- पूर्वी उंचीवर फुप्फुसात पाणी झालेले

सिकल सेलबद्दल थोडे अधिक. विदर्भ, नंदुरबार आणि राज्याच्या इतर आदिवासी भागांत हा आजार आढळतो. सिकल सेलच्या रुग्णाने अशा उंचीवर जाऊच नये. ज्यांना आजार नाही पण जे वाहक आहेत, त्यांना एरवी काहीच त्रास नसतो. मात्र उंचीवर क्वचित प्लीहेचा रक्तपुरवठा अडून पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली तीव्र दुखू शकते. कुटुंबात कोणाला सिकल सेल असेल तर निघण्यापूर्वी रक्ताची चाचणी करून घ्या.

चाळिशीपुढील सर्वांनी सहलीच्या किमान महिनाभर आधी बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि ईसीजी करून घ्यावे. फॅमिली डॉक्टरांकडे किंवा घाटीच्या ओपीडीत हे होते. ॲनिमिया असेल तर आधी तो सुधारा. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर विरळ हवेत दुहेरी तोटा होतो.

नेहमीची औषधे चालू असणाऱ्यांसाठी

*बीपी:* उंचीवर सुरुवातीच्या दिवसांत बीपी थोडे वाढते. गोळ्या बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. लघवी जास्त करणारी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, कारण तिथे शरीरातले पाणी आधीच कमी होत असते.

*मधुमेह:* चालणे वाढते आणि भूक मंदावते, त्यामुळे शुगर अचानक कमी होऊ शकते. शुगर कमी झाल्याची लक्षणे (घाम, गोंधळ, अशक्तपणा) आणि उंचीच्या आजाराची लक्षणे सारखीच दिसतात. म्हणून शंका आली की आधी बोट टोचून शुगर बघा. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. चिक्की नंतर खायला चांगली, पण तातडीने शुगर वाढवायला साखरच हवी. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. इन्सुलिन एकदा गोठले की ते फेकून द्यायचे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातील गोळी घेत असाल तर चढाईच्या दिवसांत ती थांबवायची का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवण कमी आणि पाणी कमी अशा स्थितीत या गोळ्यांनी रक्तातली आम्लता वाढू शकते.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या:* स्टेंट असलेल्यांनी एकही डोस चुकवू नये. सगळी औषधे दुप्पट दिवसांची घ्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

*उंचीच्या त्रासाची प्रतिबंधक गोळी:* ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) जुळवून घेण्याचा वेग वाढवते. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बाजारात २५० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिची अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोल्ड्रिंकची चव बदलते. याने घाबरू नका. मात्र सल्फाची ॲलर्जी, किडनी किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. सरसकट सगळ्यांना गरज नसते. तुमचा बेत आणि आजार पाहून डॉक्टर ठरवतील. आणि ही गोळी घेतली म्हणून दोन दिवसांची चढाई एका दिवसात करायची मुभा मिळत नाही.

इथला ताप सोबत नेऊ नका

ऑगस्ट-सप्टेंबर हा मराठवाड्यात डेंग्यू, मलेरिया आणि सर्दी-खोकल्याचा काळ. डेंग्यूचा डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो. म्हणजे इथे चावलेल्या डासाचा ताप तुम्हाला तलावाकाठी येऊ शकतो. निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत डासांपासून जपा. निघताना ताप किंवा छातीत कफ असेल तर प्रवास पुढे ढकला, कारण श्वसनमार्गाच्या संसर्गाने फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. वर असताना ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका आणि खाली उतरून रक्त तपासा.

पाण्याकाठचे धोके

*थंड पाणी:* हे तलाव बर्फाच्या पाण्याचे असतात. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यात पडल्याबरोबर जोराने श्वास ओढला जातो आणि त्याच वेळी पाणी नाकातोंडात जाते. अशा पाण्यात पडल्यास पहिले एक मिनिट हातपाय न मारता तरंगत राहून श्वास आटोक्यात आणा. त्यानंतर साधारण दहा मिनिटेच हातापायांत कामाची ताकद राहते, तेवढ्यात बाहेर या. ओल्या, शेवाळलेल्या दगडांवर उभे राहून गळ टाकू नका. खोल पाण्याजवळ लाइफ जॅकेट घाला. एकट्याने काठावर जाऊ नका.

भिजलेल्या माणसाचे ओले कपडे लगेच काढा, कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग द्या. शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीला अगदी चिकटून बसवू नका, दारू देऊ नका. दारूने ऊब आल्यासारखे वाटते पण शरीर आणखी थंड होते. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर तो बरा होत नसून जास्त बिघडत आहे.

*गळ रुतणे:* बोटात वरवर रुतलेला गळ काढता येतो. काट्याचे टोक आत उलटे अडकलेले असेल तर जोराने ओढू नका. दोरा कापा, गळ हलणार नाही असे बँडेज बांधा आणि खाली येऊन काढून घ्या. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ रुतला असेल तर मुळीच हात लावू नका. दाब न देता वरून कागदी कप झाकून चिकटपट्टी लावा आणि लगेच उतरा. गळ टाकताना गॉगल घातला तर ही वेळच येत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत झाले नसेल तर निघण्यापूर्वी घ्या.

*वीज:* डोंगरात दुपारनंतर ढग जमतात. कार्बन फायबरच्या रॉडमधून वीज वाहते. उघड्या काठावर उंच धरलेला रॉड म्हणजे स्वतःकडे विजेला बोलावणे. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून दूर व्हा.

*तंबूतला धूर:* थंडी वाजते म्हणून बंद तंबूत स्टोव्ह, शेगडी किंवा कांगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यानेही डोकेच दुखते, त्यामुळे फसगत होते.

*ऊन:* दर १,००० मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, त्यात पाण्यावरून परावर्तन. टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवेच.

पाणी आणि जेवण

तलावाचे पाणी काचेसारखे दिसले तरी वर मेंढ्या-घोडे चरत असतात. ते उकळूनच प्या. साडेतीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आतच उकळते, म्हणून खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटे उकळू द्या. याच कारणाने डाळ-भात उघड्या पातेल्यात शिजत नाही, कुकर न्या. ट्राउट पूर्ण शिजवून खा, अर्धाकच्चा नको. माशाची आतडी-डोकी तंबूपासून लांब टाका. काश्मीरच्या डोंगरांत अस्वले आहेत. लघवी फिक्या रंगाची राहील इतके पाणी प्या. पहिले काही दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

मदत किती लांब आहे, हे आधी मोजा

तलावापासून नारानाग कित्येक तासांच्या चालीवर, तिथून श्रीनगर गाडीने सुमारे ५० किलोमीटर. मोठे उपचार श्रीनगरच्या सौरा येथील शेर-ए-काश्मीर इन्स्टिट्यूटमध्ये मिळतात. रेंज असेल तिथून ११२ किंवा १०८ वर फोन करता येतो. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम तिकडे सहसा चालत नाही, पोस्टपेड ठेवा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे आपल्या देशात बेकायदा आहे. घरच्यांना मुक्कामांची यादी, घोडेवाल्याचा नंबर आणि "या तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा" ही तारीख लिहून द्या. विमा घेताना त्यात ट्रेकिंग आणि त्या उंचीचा समावेश आहे का, हे वाचून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ऑक्सिजनचा छोटा कॅन पुरेल का?* स्प्रेसारखा कॅन काही मिनिटांत संपतो. त्याने आजार बरा होत नाही, उलट खोटा धीर मिळतो. मार्गदर्शकाकडे भरलेला सिलिंडर आणि मास्क आहे का, ते विचारा.

*पल्स ऑक्सिमीटर न्यावा का?* न्या, पण आकड्यावर निर्णय घेऊ नका. त्या उंचीवर ८५ ते ९० च्या आसपासचा आकडा ठणठणीत माणसातही दिसतो, आणि बोटे गार असली तर आकडा चुकतो. आकडा चांगला पण माणूस अडखळतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

*कापूर, लसूण यांचा उपयोग होतो का?* कापूर हुंगून बरे वाटले तरी रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसूण जेवणात खा, उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

*लहान मुलांना न्यावे का?* बोलता न येणाऱ्या मुलांना डोके दुखते हे सांगता येत नाही. चिडचिड, न खाणे, न खेळणे हीच त्यांची लक्षणे असतात. अगदी लहान मुलांना इतक्या दुर्गम ठिकाणी न नेलेले बरे.

खाली आल्यावर

उंचीचा त्रास उतरल्यावर सहसा लवकर ओसरतो. श्रीनगरला येऊनही धाप, खोकला किंवा गोंधळ राहिला तर तिथेच दाखवा, घरी पोहोचण्याची वाट पाहू नका. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, जुलाब किंवा एका पोटरीत सूज आली तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती जरूर सांगा.

बेत आखताना घरच्यांनी एकच प्रश्न विचारावा: "यात थांबायला किती दिवस ठेवले आहेत?" उत्तर "एकही नाही" असेल, तर रजा वाढवा किंवा सोनमर्गजवळच्या खालच्या ओढ्यांवर गळ टाका. ट्राउट तिथेही मिळतो, आणि तलाव पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करण्यापूर्वी, बदलण्यापूर्वी किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*